बाकी आठ

प्रांतपाल येणार म्हणून गंगापूर रोडच्या हॉलमध्ये
खुर्च्यांना पांढरी कव्हरं चढवली.
तीन कमी पडली. त्या तीन खुर्च्या मागे, भिंतीकडे.
घंटा चिंचेनं घासली.
बॅनर दोनदा छापावा लागला,
पहिल्या खेपेला 'वाणी'चं 'पाणी' झालं होतं
आणि पारसभाऊ म्हणाले, राहू द्या की,
यंदाचा प्रकल्प पाण्याचाच आहे.

मी साहित्य केंद्र बघतो.
म्हणजे वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या,
पाठ सोलू नये म्हणून पाण्याच्या गाद्या,
एक खाट, जिचं हँडल फिरतं पण डोकं उचलत नाही.
त्याआधी एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये.
तिथे एक कागद कमी भरला
की आख्खी पाळी जागच्या जागी.
पुन्हा मोजा.
डबे गार व्हायचे, बायका फाटकाशी यायच्या,
पुन्हा मोजा.

निमसेताईंनी अहवाल वाचला:
हरसूलकडच्या तीन पाड्यांवर टाक्या,
मोतीबिंदू बासष्ट,
साहित्य दिलं एकशे सत्तेचाळीस,
परत आलं एकशे एकोणचाळीस.
टाळ्या.

वाणीसाहेब शहाद्याचे. गळ्यातली पदकाची साखळी
त्यांना टोचत असावी, सारखी सरकवत होते.
चष्मा काढून त्यांनी विचारलं,
"आणि आठ?"

चिवड्याच्या बशा दारातच थांबल्या.
पारसभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.
मी उठलो. रजिस्टर उघडलं नाही.

एक वॉकर म्हसरूळला, साहेब.
आजी फाल्गुनात गेल्या. त्यावर आजोबांचा पंचा वाळतो.
मी न्यायला गेलो तर त्यांनी पंचा काढला,
घडी केली, पुन्हा उलगडून तिथेच टाकला,
म्हणाले, चहा घेता?
मी चहा घेऊन आलो.

कुबड्यांची जोडी सातपूरला.
पोराचा पाय बरा झालाय, जोडीचे आता स्टंप आहेत.
अंपायर नव्हता, म्हणून दोन षटकं मी उभा राहिलो.

कमोडची खुर्ची मखमलाबादच्या मळ्यात.
तीवर फळी टाकून म्हातारा
द्राक्षाच्या मजुरांवर लक्ष ठेवतो.

गादी एक फुटली म्हणतात.
पुढे मी विचारलं नाही.

तीन ठाऊक नाहीत.
पंचवटीत एका दाराला कुलूप होतं, कुलपावर धूळ.
इतर दोघं फोन उचलत नाहीत.

मी बसलो.
कुणीतरी खोकलं. पारसभाऊ म्हणाले,
पुढच्या वर्षी डिपॉझिट वाढवू, साहेब.
वाणीसाहेबांनी पंख्याकडे बघत बोटं मिटली एकेक,
"हे सात झाले," म्हणाले,
पण इतक्या हळू, की फक्त पहिल्या रांगेला.
आणि घंटा वाजवली.

मग शाल, श्रीफळ, पिन, फोटो,
फोटोत मी नाही, मी घंटा गुंडाळत होतो.

जिन्याशी त्यांनी मला गाठलं.
साखळी आता खिशात होती, थोडी बाहेर लोंबलेली.
"पाण्याची गादी," ते म्हणाले,
"रिकामी कशी करतात हो? पूर्ण?
आमच्या माळ्यावर एक आहे. धुळ्याच्या क्लबची.
वडिलांची... चार वर्षं झाली.
कितीही ओतली तरी कोपऱ्यात थोडं पाणी राहतंच.
हात लावला की हलतं."

मी सांगितलं: तोंड खाली, पायाकडून गुंडाळत यायचं.
त्यांनी मान डोलावली,
शिकून घेतल्यासारखी नव्हे.
गाडी अशोक स्तंभाकडे वळेपर्यंत मी उभा होतो.

घरी आलो. स्कूटरची किल्ली अडकवली
तिथेच, नेहमीच्या जागी, न बघता,
काठीच्या मुठीला.
चार पायांची काठी, उंची कुमुदच्या मापाची,
पाचव्या भोकात खिट्टी.
पावती क्रमांक एकशे बारा.
घेणाऱ्याची सही माझी, देणाऱ्याचीही माझीच.

जेवण गार झालं होतं.
गरम केलं नाही.